ओबामांना नोबेल नेमकं कशाचं? ओस्लोच्या कमिटीला एक खुलं पत्र

प्रति,
शांततेचं नोबेल ठरवणारी पाचही मंडळी,
ओस्लो, नॉर्वे

नमस्कार,

तुमच्यापैकी कुणाला मराठी येत असेल अशी काही शक्यता नाही, पण खुलं पत्र ज्याच्या नावाने लिहितात त्याने ते वाचावं म्हणून थोडीच लिहितात, ते बाकीच्यांनी वाचावं म्हणून असतं, तेव्हा लिहितोच. विषय जुना आहे, तुम्हाला तर नको नको झाला असेल. 9 ऑक्टोबर 2009, शुक्रवार, आमच्याकडे दुपारचे अडीच वाजून गेले होते आणि मित्राचा एसएमएस आला, 'ओबामाला शांततेचं नोबेल'. मी उत्तर टाकलं, 'बरा आहे, पुढचा जोक पाठव.' मग पाच मिनिटांनी टीव्ही लावला तर तुमचे तेव्हाचे अध्यक्ष थोरब्यॉर्न यागलांड खरंच ते नाव वाचताना दाखवत होते, आणि नाव ऐकल्यावर समोर बसलेल्या पत्रकारांच्या तोंडून जो 'आं?' असा आवाज निघाला तो मला अजून आठवतो. म्हणजे मी एकटाच येडा नव्हतो.

ज्यांना मिळालं त्यांचंही तेच झालं हो. तिकडे पहाट होती, ओबामांना झोपेतून उठवून सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'कशासाठी?' हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. त्याच दिवशी सकाळी पत्रकारांसमोर ते म्हणाले की मोठी मुलगी खोलीत आली आणि म्हणाली डॅडी तुम्हाला नोबेल मिळालं, आणि आज बोचा वाढदिवस आहे (बो म्हणजे त्यांचा कुत्रा), आणि धाकटी म्हणाली, शिवाय तीन दिवस जोडून सुट्टी आहे. त्या दिवशी जगभरात जेवढ्या प्रतिक्रिया आल्या त्यात मला तरी या दोन पोरींच्याच सगळ्यात शहाण्या वाटतात. आणि त्याच भाषणात ते पुढे हेही म्हणाले की या पुरस्काराने ज्या मोठ्या माणसांचा गौरव झालाय त्यांच्या पंगतीत बसायची आपली लायकी आहे असं मला वाटत नाही. आता बक्षीस घेणाराच असं म्हणतोय म्हटल्यावर विनय म्हणून सोडून द्यायचं की खरं म्हणून ऐकायचं हे तुम्ही ठरवायला हवं होतं.

तर 'कशासाठी' हाच माझाही प्रश्न आहे, इतक्या वर्षांनंतरही. तुम्ही आज त्या खुर्च्यांवर बसलाय, तेव्हाची मंडळी वेगळी होती हे मला माहितीय, पण कमिटी तीच आहे ना, आणि बक्षीस परत घ्यायची सोय तुमच्या नियमांतच नाही, म्हणजे जुना निर्णय हा कायम तुमच्याच गळ्यात.

आधी तारखा बघू. ओबामांनी शपथ घेतली 20 जानेवारी 2009 ला. तुमची त्या वर्षीची नॉमिनेशनची डेडलाइन 1 फेब्रुवारी. मध्ये बारा दिवस. बारा दिवसांत नव्या नोकरीत माणसाला कुठला दरवाजा कुठे उघडतो हे कळत नाही. आता कुणी म्हणेल की नॉमिनेशन ही नुसती चिठ्ठी असते, त्या वर्षी 205 नावं आली होती, खरा विचार पुढे आठ महिने चालतो. मान्य. मग त्या आठ महिन्यांत काय झालं ते बघू. 5 एप्रिलला प्रागमध्ये भाषण, अण्वस्त्रमुक्त जग. 4 जूनला कैरोमध्ये भाषण, मुस्लीम जगाशी नवी सुरुवात. सप्टेंबरमध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेत स्वतः अध्यक्षस्थानी बसून अण्वस्त्रांवर ठराव. म्हणजे दोन भाषणं आणि एक ठराव. कैरोचं भाषण मी अख्खं ऐकलंय, सुरुवातीला ते 'अस्सलाम आलेकुम' म्हणाले तेव्हा हॉलमध्ये जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्याने माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. बुशची आठ वर्षं बघितल्यावर कुणीतरी माणसासारखं बोलतंय एवढ्यानेच बरं वाटत होतं.

पण भाषणच ते. आणि प्रागच्या भाषणात ओबामा स्वतःच म्हणाले होते की हे ध्येय लवकर गाठता येणार नाही, कदाचित माझ्या हयातीतही नाही. म्हणजे बघा, बोलणाऱ्याने स्वतः मुदत मागितली ती हयातीपलीकडची आणि तुम्ही सहा महिन्यांत पास करून मोकळे. बाजारात तुरी अजून आल्या पण नव्हत्या आणि तुम्ही इकडे वरण रटरटायला ठेवलं! ग्वांतानामोचा, म्हणजे अमेरिका दहशतवादाच्या संशयितांना खटल्याशिवाय डांबते तो, तुरुंग वर्षभरात बंद करायचा हुकूमही त्यांनी शपथेनंतर दोनच दिवसांनी, 22 जानेवारीला सही केला होता, तोही कदाचित तुमच्या फाइलीत चांगला मुद्दा म्हणून लागला असेल. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हा तो तुरुंग चालूच होता. सगळा दोष त्यांचा नाही, त्यांच्या संसदेने पाय ओढले, पण तोच तर मुद्दा आहे, हुकूम आणि काम यात केवढं अंतर असतं हे तुमच्यासारख्या मुरलेल्या राजकारण्यांना माहीत नसावं? तेव्हा तुमच्या कमिटीवर बरेचसे माजी मंत्री आणि माजी खासदारच होते ना.

माझा एक मावसभाऊ आहे, तो या विषयावर माझ्याशी पंधरा वर्षं भांडतोय. त्याचं म्हणणं असं की मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, कमिटीला पाय दिसले, त्यांनी बळ दिलं, त्यात काय चुकलं. शिवाय म्हणतो, गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशाने काळा माणूस निवडून दिला हीच केवढी शांततेची गोष्ट आहे. मी म्हटलं मग मतदारांना द्या की बक्षीस, मेहनत त्यांची. यावर तो म्हणतो तू मुद्दाम वाकड्यात शिरतोस. शिरतो. पण त्याचा पहिला मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण आशेवर बक्षीस देणं हे तुमच्याकडे जुनं आहे आणि काही वेळा ते फार चांगलं ठरलंय, त्यावर खाली येतो.

आधी मृत्युपत्राचं. आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 ला पॅरिसमध्ये सही केलेल्या मृत्युपत्रात शांततेच्या बक्षिसासाठी तीन गोष्टी लिहिल्यात: राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवणं, खड्या फौजा रद्द करणं किंवा कमी करणं, आणि शांतता परिषदा भरवणं. आणि सगळ्या बक्षिसांना लागू असलेली अट म्हणजे गेल्या वर्षात केलेलं काम. केलेलं. करणार असलेलं नाही. आता फौजा कमी करण्याची अट मनात ठेवा आणि पुढच्या दोन तारखा वाचा. 1 डिसेंबर 2009, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ओबामा जाहीर करतात की अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवणार. 10 डिसेंबर 2009, ओस्लोच्या सिटी हॉलमध्ये त्यांच्या हातात तुमचं पदक. मध्ये नऊ दिवस! वाढवावी लागली असेल फौज, युद्ध त्यांनी सुरू केलेलं नव्हतं, निस्तरायला मिळालं होतं, सगळं कबूल. पण मग त्या वर्षी ते बक्षीस त्यांना कसं बसतं हे मला कुणीतरी पाटीवर लिहून समजावून सांगा.

आणि भाषण काय केलं, तर मी दोन युद्धं चालू असलेल्या देशाचा सरसेनापती आहे, इथपासून सुरुवात. मग न्याय्य युद्ध म्हणजे काय, बळ वापरणं कधी गरजेचं असतं, अहिंसक चळवळीने हिटलरच्या फौजा थांबल्या नसत्या, वगैरे. प्रामाणिक भाषण होतं, मी म्हणेन त्यांच्या चांगल्या भाषणांपैकी एक. शांततेचं बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला युद्ध का करावं लागतं हे समजावून सांगावं लागलं यातच सगळं आलं. श्वाइट्झर, किंग, मार्शल, मंडेला या आधीच्या विजेत्यांपुढे आपलं कर्तृत्व किरकोळ आहे हेही म्हणाले. आणि गांधींचं नाव घेतलं. गांधी आणि किंग यांच्या विचारात आणि जगण्यात दुबळं किंवा भाबडं असं काही नाही, असं म्हणाले.

इथे मात्र मी थांबतो, कारण त्या हॉलमध्ये ते नाव घेतलं गेलं तेव्हा तुमच्या कमिटीच्या लोकांना कसं बसवलं असेल कुणास ठाऊक.

गांधींचं नाव तुमच्याकडे 1937, 1938, 1939, 1947 आणि 1948 असं पाच वर्षं आलं होतं. 1937 ला तुमच्या सल्लागाराने, प्रोफेसर वर्म-म्युलर यांनी, रिपोर्ट लिहिला. त्यात गांधी थोर आहेत, तपस्वी आहेत असं सगळं म्हणून झाल्यावर लिहिलं की त्यांच्या धोरणांत अचानक वळणं येतात, ते कधी ख्रिस्तासारखे दिसतात आणि मग एकदम साधे राजकारणी. बरं, ही छाननी झाली, हरकत नाही. मग 1947. फाळणीच्या आगीत तो म्हातारा दंगलीच्या मधोमध जाऊन बसत होता, कलकत्त्यात उपास करून त्याने माणसं थांबवली, आणि ओस्लोत कमिटीपुढे कसली चर्चा, तर लंडनच्या टाइम्समध्ये 27 सप्टेंबरला आलेल्या एका बातमीची. प्रार्थनासभेत गांधी म्हणाले म्हणे की पाकिस्तानकडून न्याय मिळवायचा दुसरा मार्गच उरला नाही तर भारत सरकारला युद्ध करावं लागेल. गांधींनी खुलासाही केला होता, की बातमी बरोबर आहे पण अर्धी आहे, माझं स्वतःचं मत बदललेलं नाही, ज्यांना फौज आणि आरमार आणि विमानं हवीत त्यांच्या नव्या व्यवस्थेत मला जागा नाही. तरी कमिटीत चलबिचल झाली आणि त्या वर्षीचं बक्षीस क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या संस्थांना गेलं. 1948 ला 30 जानेवारीला गांधींना गोळ्या घातल्या, डेडलाइनच्या दोन दिवस आधी, आणि तुम्ही त्या वर्षी बक्षीस कुणालाच दिलं नाही, कारण दिलं 'योग्य असा हयात उमेदवार नाही'. त्यानंतर 1989 ला दलाई लामांना देताना तुमचे अध्यक्ष म्हणाले की यात थोडी गांधींच्या स्मृतीलाही श्रद्धांजली आहे. वरातीमागून घोडं, तेही दुसऱ्याच्या वरातीत.

भारतीय माणूस गांधींवर आला म्हणजे रडगाणं सुरू झालं असं वाटून पत्र बाजूला ठेवू नका. गांधींना तुमच्या पदकाने काही मोठेपणा आला नसता, ते मिळालं नाही याचं मला फारसं दुःख पण नाही. माझी तक्रार मापाची आहे. एका माणसाने आयुष्यभर काम केलं आणि त्याच्या एका वाक्यावर तुमचं अडलं. दुसऱ्याने वाक्यं बोलली आणि काम बघायला तुम्ही थांबला नाहीत. प्रार्थनासभेत कुणीतरी 'युद्ध' हा शब्द उच्चारला की तुम्हाला ठसका लागतो आणि दोन चालू युद्धांचा सरसेनापती तुम्हाला गोड लागतो, हे कसलं माप आहे? शब्द मोजायचे असतील तर दोघांचे मोजा, काम मोजायचं असेल तर दोघांचं.

(सहज आठवलं म्हणून. बक्षीस जाहीर व्हायच्या महिनाभर आधी एका शाळेत पोरांनी ओबामांना विचारलं होतं की कुणाबरोबर जेवायला आवडेल, तर म्हणाले गांधींबरोबर, पण जेवण अगदी थोडं असेल, कारण ते फार कमी खायचे. माणूस मला आवडतो हो, तीच तर पंचाईत आहे.)

ओबामांनी पुढे काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. एप्रिल 2010 मध्ये रशियाबरोबर न्यू स्टार्ट करार झाला, दोन्ही देशांनी तैनात अण्वस्त्रं 1,550 वर आणायची ठरलं. इराकमधून 2011 च्या शेवटी फौज बाहेर आली, ती किती वर्षं बाहेर राहिली ते सोडा. 2015 ला इराणशी अणुकरार, त्याच वर्षी क्युबाशी पन्नासहून जास्त वर्षांनी दूतावास सुरू. 2016 च्या मे महिन्यात हिरोशिमाला गेले, पदावर असताना तिथे गेलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. म्हणजे तुम्ही थोडा धीर धरला असतात तर तुमच्याकडे निदान मांडायला काहीतरी हातात आलं असतं. मी तरीही वाद घातला असता, कारण दुसऱ्या पारड्यात पाकिस्तान, येमेन, सोमालियातले ड्रोन आहेत, लिबिया आहे, पण तो वाद कामावर झाला असता. जिमी कार्टर यांना तुम्ही 2002 ला दिलं, सत्ता सोडून एकवीस वर्षं झाल्यावर, दरम्यान त्यांनी कुठे कुठे निवडणुकांवर देखरेख केली, कुठे कुठे मध्यस्थी केली ते जगाने बघितलं होतं, कुणी 'आं?' केलं नाही. (तेव्हासुद्धा तुमच्या अध्यक्षांनी हे बुश सरकारला लाथ मारण्यासारखं समजायला हरकत नाही असं बोलून टाकलंच. ते एक तुमचं वेगळं दुखणं, बक्षीस एकाला आणि टोला दुसऱ्याला.)

एक रात्र तुम्हाला नीट सांगायची आहे, कारण ती तुमच्याच घरातली आहे. 3 ऑक्टोबर 2015, पहाटे दोननंतर, अफगाणिस्तानातलं कुंदूझ शहर. तिथे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचं ट्रॉमा हॉस्पिटल होतं. नाव ओळखीचं वाटत असेल, 1999 चं शांततेचं नोबेल तुम्ही त्याच संस्थेला दिलंय. शहरात लढाई पेटली म्हणून त्यांनी चार दिवस आधीच आपला जीपीएस पत्ता सगळ्या बाजूंना पुन्हा एकदा कळवून ठेवला होता, अमेरिकनांनासुद्धा. तरी अमेरिकेच्या एसी-130 विमानाने त्या बिल्डिंगवर मारा केला, आतून फोन जात होते की हे हॉस्पिटल आहे, थांबवा, आणि मारा चालूच राहिला. आयसीयूमधले पेशंट बेडवरच जळाले. 42 माणसं गेली, पेशंट, त्यांच्या सोबतीला आलेले नातेवाईक, डॉक्टर, नर्स. चार दिवसांनी ओबामांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून माफी मागितली. पुढे अमेरिकी लष्कराने चौकशी केली, चूक झाली म्हणाले, 16 जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला कुणावर नाही. म्हणजे 2009 चा नोबेल विजेता 1999 च्या नोबेल विजेत्याला फोन करून सांगतोय की माझ्या विमानाने तुमचं हॉस्पिटल जाळलं, सॉरी. ओबामांनी ते मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण फौज हातात असलेल्या माणसाच्या गळ्यात पदक घातलं की पुढे त्या फौजेच्या प्रत्येक चुकीच्या शेजारी तुमचं नाव छापून येणार, हे तुम्हाला 2009 मध्ये सुचायला काय हरकत होती?

आता आशेवर दिलेल्या बक्षिसांचं, वर म्हटलं होतं ते. 1935 चं बक्षीस तुम्ही कार्ल फॉन ओसिएत्स्की या जर्मन पत्रकाराला दिलंत, माणूस हिटलरच्या छळछावणीतून आजारी होऊन हॉस्पिटलात पहाऱ्याखाली होता, हिटलर इतका चिडला की त्याने जर्मनांना नोबेल घ्यायलाच बंदी केली. 1983 ला पोलंडचे कामगार नेते लेख वावेन्सा, तिथले कम्युनिस्ट परत देशात घेणार नाहीत या भीतीने ते आलेच नाहीत, बायकोने येऊन घेतलं. 2010 ला लोकशाहीसाठी लढणारे लेखक लिऊ शियाओबो, चीनच्या तुरुंगात, तुम्ही स्टेजवर रिकामी खुर्ची ठेवलीत. ही तुमची सगळ्यात ताठ मानेची वर्षं आहेत असं मी समजतो. तिथेही लढा अर्धवटच होता, तिथेही आशाच होती. पण ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या हातात पदक दिलं तर ती ढाल होते, आणि ज्याच्या हातात विमानवाहू नौका आहेत त्याला त्याचा उपयोग काय, भिंतीवर लावायला? बळ द्यायचं ते ज्याच्याकडे नाही त्याला. माझ्या मावसभावाला हे उत्तर मी आजवर नीट देऊ शकलो नव्हतो, इथे देतोय. वावेन्सांनीच 2009 ची बातमी ऐकल्यावर म्हटलं होतं, 'ओबामा? इतक्या लवकर?'

आणि तोच माणूस सत्तेत गेल्यावर काय होतं तेही तुम्ही बघितलंय. म्यानमारच्या आंग सान सू ची यांना 1991 ला दिलंत तेव्हा त्या नजरकैदेत होत्या, योग्यच केलंत. पुढे 10 डिसेंबर 2019 ला काय चित्र होतं आठवा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सू ची पहिल्या बाकावर बसून रोहिंग्यांवरच्या अत्याचारांचे आरोप ऐकत होत्या, दुसऱ्या दिवशी उभं राहून त्यांनी आपल्या देशाची, म्हणजे पर्यायाने लष्कराची बाजू मांडली. आणि त्याच दिवशी, त्याच 10 डिसेंबरला, ओस्लोत तुम्ही इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांना पदक देत होता. एरिट्रियाशी समझोता केला म्हणून. वर्ष पण पुरं झालं नाही, नोव्हेंबर 2020 मध्ये इथिओपियाच्याच टिग्राय प्रांतात युद्ध सुरू झालं, एरिट्रियाचं सैन्य त्यात अबींच्या बाजूने उतरलं, म्हणजे ज्या दोस्तीला बक्षीस दिलंत तीच दोस्ती युद्धात कामाला आली. 2022 च्या जानेवारीत तुम्हाला पत्रक काढावं लागलं की पुरस्कार विजेते म्हणून अबींवर विशेष जबाबदारी आहे. ओल्या शाईवर हात ठेवला की तो काळा होणारच.

किसिंजरचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. 27 जानेवारी 1973 ला व्हिएतनामबद्दलच्या पॅरिस करारावर सह्या झाल्या आणि 29 तारखेला तुमच्याच कमिटीतल्या एका सदस्याने तो करार घडवणाऱ्या दोघांचं, अमेरिकेचे किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामचे ले डुक थो यांचं, नाव सुचवलं. दोन दिवस! घरात लग्न ठरलं तरी पाहुण्यांना कळवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन सदस्य राजीनामे देऊन गेले. ले डुक थो यांनी बक्षीस नाकारलं, म्हणाले कराराचा मान राखला जाईल, बंदुका शांत होतील आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये खरोखर शांतता येईल तेव्हा मी विचार करेन. तुमच्या शंभर वर्षांहून मोठ्या इतिहासात तुमचं काम तुम्हाला इतक्या थोडक्यात कुणी समजावलं नसेल. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर 1975 ला किसिंजर परत करायला निघाले होते, तुम्ही घेतलं नाहीत.

म्हणून सत्तेवरच्या माणसाला कधीच देऊ नका असा सरसकट नियम मी मागत नाहीये. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना 1978 ला दिलंत, सादातांनी त्या शांततेची किंमत 1981 ला जीव देऊन चुकवली आणि इजिप्त-इस्रायल करार अजून टिकून आहे. दक्षिण आफ्रिकेचे द क्लर्क मंडेलांच्या शेजारी उभे राहिले तेव्हा राष्ट्राध्यक्षच होते. अशी माणसं असतात, पण तिथे एकेकाने आपल्या पदरचं काहीतरी सोडलं होतं, जमीन, सत्ता, स्वतःच्या लोकांतलं नाव. ओबामांनी 9 ऑक्टोबर 2009 पर्यंत काय सोडलं होतं? एवढं एक सांगा.

आणि हे सगळं आत्ता का उकरतोय तर पुढची बाशिंगं तयार आहेत म्हणून. 2025 ला तर कमाल झाली, जूनमध्ये पाकिस्तान सरकारने ट्रम्प यांचं नाव सुचवत असल्याचं जाहीर केलं, जुलैमध्ये नेतान्याहूंनी व्हाइट हाउसमध्ये जेवणाच्या टेबलावर ट्रम्पना शिफारशीचं पत्र हातात दिलं, कॅमेरे चालू. स्वतः ट्रम्प तर मी इतकी इतकी युद्धं थांबवली म्हणून जिथे तिथे मोजून दाखवत होते आणि त्यातला एक दाखला कायम ठरलेला, ओबामाला काही न करता मिळालं. तुम्ही तेव्हा बधला नाहीत, व्हेनेझुएलाच्या विरोधी पक्षनेत्या मारिया कोरिना माचादो यांना दिलंत, तो वाद वेगळा. पण ट्रम्प यांच्या त्या एका वाक्याला तुमच्याकडे उत्तर आहे का? मला ट्रम्प अजिबात पटत नाहीत आणि तरी त्या वाक्यापुरतं मला मान डोलवावी लागते, याचा राग मला तुमचाच येतो. उद्या आणखी कुणी येईल, तोही तेच बोट दाखवेल.

तुमच्या कमिटीचे पंचवीस वर्षं सेक्रेटरी असलेले गाइर लुंडेस्टाड यांनी 2015 ला लिहूनच टाकलं की ओबामांच्या बऱ्याच समर्थकांनाही ते बक्षीस चूक वाटलं आणि कमिटीला जे साधायचं होतं ते साधलं नाही. त्यांनी हेही लिहिलंय की ओबामांच्या लोकांनी चौकशी केली होती, याआधी कुणी समारंभाला न येता बक्षीस घेतलंय का. बिचारे कुठूनतरी सटकायची वाट शोधत होते. शेवटी आले, एक दिवस राहिले, भाषण केलं, बक्षिसाचे 14 लाख डॉलर दहा संस्थांना वाटून टाकले. मी म्हणेन त्या सगळ्या प्रकरणात त्यातल्या त्यात नीट वागले ते तेच. लुंडेस्टाडांनी पद सोडल्यावर का होईना बोलायचं धाडस केलं, तुम्ही पदावर असताना एकदा बोला ना. माफी नकोय, बक्षीस परत घ्या असंही नाही. फक्त एवढं की करारावर सही झाल्यावर शाई वाळायला किती दिवस थांबायचं याचा काहीतरी हिशेब ठरवा आणि तो आम्हाला सांगा. आणि भाषण हे काम धरायचं नाही.

शेवटी एक वैयक्तिक. तुमच्या नियमाप्रमाणे नॉमिनेशनची कागदपत्रं पन्नास वर्षं कुलपात. म्हणजे 2009 ची फाइल उघडायला 2059-60 उजाडणार. किसिंजरची उघडली तेव्हा दोन दिवसांची गोष्ट बाहेर आली, या फाइलीत काय निघेल कोण जाणे. मला फक्त एक कागद वाचायचाय, त्या बारा दिवसांत ज्याने कुणी ओबामांचं नाव लिहून पाठवलं त्याने 'का' या प्रश्नापुढे काय लिहिलं होतं तो. मी तोवर असेन नसेन, लेकीला सांगून ठेवलंय, तू बघ. ती म्हणाली, ओबामा कोण?

तुमचा,
एक मराठी वाचक